पागा, गॅरेज, घर : भिंतीत कोंडलेल्या हवेचा इतिहास

१/ लंडनच्या बेलग्रेव्हिया, मेफेअर आणि केन्सिंग्टन या भागांत श्रीमंतांच्या उंच घरांच्या मागे अरुंद, फरसबंद गल्ल्या आढळतात. त्यांना ‘म्यूज’ म्हणतात. दोन्ही बाजूंस ठेंगणी, दुमजली घरे. खाली रुंद दरवाजा, वर लहान खिडक्या. आज ही घरे महागड्या मालमत्तांत मोजली जातात. मात्र ती माणसांच्या वास्तव्यासाठी म्हणून बांधली गेलीच नव्हती. आजचा धागा त्या घरांच्या भिंतींविषयी आहे.

२/ प्रथम नावाची हकीकत. इंग्लंडच्या राजांचे शिकारी ससाणे लंडनमधील चेअरिंग क्रॉस येथे ठेवले जात. पिसे झडण्याच्या काळात त्यांना जेथे कोंडत त्या जागेस, पिसे गाळणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून, ‘म्यूज’ म्हणत. १५३४ मध्ये आठव्या हेन्रीची ब्लूम्सबरी येथील पागा जळाली. घोडे ससाण्यांच्या जागी आले आणि नाव तेच राहिले. पुढे शहरातील प्रत्येक पागेच्या गल्लीला म्यूज म्हणू लागले. मूळ जागेवर आज ट्रॅफल्गर चौक आणि नॅशनल गॅलरी उभी आहे.

३/ ससाणे गेले, घोडे आले. घोडे गेले, मोटारी आल्या. मोटारी गेल्या, माणसे आली. वास्तू तीच आणि भिंतीही त्याच. बदलत गेला तो आतला रहिवासी. या बदलातच आपला प्रश्न दडलेला आहे. घोडा स्वतःची ऊब स्वतः निर्माण करतो. मोटारीला उबेची गरज नसते. माणसाला मात्र ती लागते, आणि भिंत तर त्याच्यासाठी बांधलेलीच नसते. मग तिला उबदार कसे करायचे?

४/ अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील म्यूजची रचना साधी होती. तळमजल्यावर घोडे आणि बग्गी. वरच्या मजल्यावर कोचमन, मोतद्दार आणि त्यांची कुटुंबे, तसेच गवताचा साठा. भिंती भरीव विटांच्या, बहुधा एका विटेच्या जाडीच्या. आपले गवंडी जिला ‘नऊ इंची भिंत’ म्हणतात, तीच ही. मालकाचे घर पुढच्या रस्त्यावर असे. मागच्या गल्लीतील थंडी, ओल आणि लिदीचा वास हा चाकरांचा वाटा.

५/ त्या भिंतीतून किती उष्णता निसटते? आजचे अभियंते याचे उत्तर ‘यू-मूल्या’त देतात. आतल्या आणि बाहेरच्या हवेत १ अंशाचा फरक असताना भिंतीच्या १ चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता बाहेर जाते, तो हा आकडा. तो जितका लहान तितकी भिंत राखणदार. भरीव नऊ इंची विटेच्या भिंतीचे यू-मूल्य गणिताने सुमारे २.१ येते. विसाव्या शतकातील साध्या गॅरेजची साडेचार इंची भिंत घेतली, तर ते ३.३ च्या आसपास जाते.

६/ हा आकडा मांडता येण्यासाठी आधी उष्णता कशी प्रवास करते हे कळावे लागले. त्या शोधाची सुरुवात भिंतीपासून झालीच नाही. ती झाली सैनिकांच्या कपड्यांपासून.

७/ बेंजामिन थॉम्पसन, म्हणजेच काउंट रम्फर्ड, हा १७५३ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला, अमेरिकन क्रांतीत इंग्रजांच्या बाजूने उभा राहिलेला आणि पुढे बव्हेरियाच्या चाकरीत शिरलेला गृहस्थ. म्यूनिकमध्ये सैन्याच्या गणवेशाचा विचार करताना त्याला प्रश्न पडला : लोकर उबदार का असते? त्याने तापमापकाभोवती रेशीम, कापूस, लोकर, सशाची लव, बदकाची मऊ पिसे असे थर देऊन प्रत्येक वेळी तो निवण्यास किती अवधी लागतो हे मोजले.

८/ निष्कर्ष अनपेक्षित होता. ऊब धाग्यात नसते. ती धाग्यांच्या मध्ये अडकलेल्या हवेत असते. हवा मोकळी असली की ती फिरते आणि उष्णता वाहून नेते. तिला लहान लहान पोकळ्यांत कोंडले की तीच हवा उत्तम पहारेकरी ठरते. या प्रयोगांसाठी १७९२ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले. जुन्या लुगड्यांचे थर देऊन गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांना हे पदकाविना ठाऊक होते. रम्फर्डचे श्रेय एवढेच, की त्याने ते मोजले.

९/ मोजमापाला गणिताची जोड दिली ती जोसेफ फूरिए याने. नेपोलियनसोबत १७९८ मध्ये इजिप्तला गेलेला हा गणिती परतल्यावर ग्रनोबल येथे प्रशासक झाला. इजिप्तच्या उन्हानंतर त्याला थंडी सोसेना, तो खोल्या अतिशय तापवून ठेवी, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. १८०७ मध्ये त्याने उष्णतेवरील निबंध सादर केला आणि १८२२ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. उष्णतेचा ओघ तापमानातील फरकाच्या प्रमाणात वाढतो आणि थराच्या जाडीच्या प्रमाणात घटतो, हा नियम तेथून आला.

१०/ म्हणजे १८२२ पर्यंत तत्त्व आणि गणित दोन्ही हाती होते. तरीही पुढील शंभर वर्षे लंडनच्या घरबांधणीत त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. भिंतीत हवा कोंडण्याची विद्या प्रत्यक्षात वापरली ती एका व्यापाऱ्याने, आणि तीही माणसांसाठी नव्हे. बर्फासाठी.

११/ बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून उष्ण प्रदेशांत विकू लागला. १८०६ मधील मार्टिनिकची पहिली फेरी तोट्यात गेली, कारण उतरवलेला बर्फ साठवण्यास तेथे जागाच नव्हती. मग त्याने दुहेरी भिंतींची बर्फघरे उभारली आणि मधल्या पोकळीत भुसा भरला. सॉ मिलचा हा भुसा फुकटातला माल होता. मे १८३३ मध्ये ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघाले आणि सुमारे चार महिन्यांनी, दोनदा विषुववृत्त ओलांडून, कोलकात्यास पोहोचले. तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता.

१२/ मुंबईतही हा बर्फ लवकरच आला. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांच्या मेजवानीत तो पाहुण्यांना दिला गेला आणि यजमानांसह अनेकांना सर्दी झाली, ही तत्कालीन वृत्तपत्रातील बातमी आजही मुंबईच्या इतिहासात चवीने सांगितली जाते. मुंबईचे बर्फघर कोटात, सेंट अँड्र्यूज चर्चजवळ होते. आज त्याची वास्तू उरलेली नाही. मद्रासचे बर्फघर मात्र आजही उभे आहे, आणि आपल्या विषयाला ते फार जवळचे आहे.

१३/ १८४२ च्या सुमारास समुद्रकिनारी बांधलेले मद्रासचे बर्फघर काही दशकांतच निकामी झाले, कारण भारतातच यंत्राने बर्फ तयार होऊ लागला. बिलिगिरी अय्यंगार या वकिलांनी ती इमारत विकत घेऊन तिचे घर केले. त्यांना त्या वास्तूला खिडक्या आणि सज्जे जोडावे लागले. उष्णता बाहेर ठेवण्यासाठी बंदिस्त केलेले कोठार माणसाला राहण्याजोगे करायचे, तर वारा आत घ्यावा लागतो. फेब्रुवारी १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद येथेच उतरले होते. आज ती इमारत ‘विवेकानंदर इल्लम’ म्हणून ओळखली जाते.

१४/ मद्रासचे हे रूपांतर एक धडा देते. कोठाराला घर करताना भिंतीत केवळ भर घालून किंवा केवळ छिद्रे पाडून भागत नाही. उष्णता, हवा आणि ओल या तिघांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो. तिघांपैकी एक विसरले, की दुसरे दोघे सूड उगवतात. पुढील दीड शतकाचा इतिहास बहुतांशी या विस्मरणाचा इतिहास आहे.

१५/ इंग्लंडमध्ये परतू. तेथील मोठा शत्रू होता वाऱ्याने भिंतीवर आदळणारा पाऊस. भरीव विटेतून ओल आत झिरपे. उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकात दोन पातळ भिंती समांतर बांधून मध्ये सुमारे दोन इंचांची पोकळी सोडण्याची पद्धत रुजू लागली. बाहेरची भिंत भिजली तरी आतली कोरडी राही. दोन महायुद्धांच्या दरम्यान ही पद्धत सर्वत्र झाली. ध्यानात घ्यावे : ही पोकळी उबेसाठी नव्हती, कोरडेपणासाठी होती.

१६/ याच काळात म्यूज बदलत होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी घोड्यांच्या जागी मोटारी आल्या आणि मोतद्दारांच्या खोल्यांत शोफर राहू लागले. पहिल्या महायुद्धानंतर मोठ्या घरांतील चाकरमाणसांचा ताफा घटला. रिकाम्या पागा आणि गॅरेजे हळूहळू घरे म्हणून विकली जाऊ लागली. भरीव, पोकळीविरहित भिंतींत आता मध्यमवर्गीय कुटुंबे राहू लागली, आणि प्रत्येक खोलीत कोळशाची शेगडी पेटू लागली.

१७/ कोळसा स्वस्त होता तोवर भिंतीची चिंता कोणी केली नाही. उष्णता निसटते? आणखी एक खोरे कोळसा टाका. या सवयीची किंमत डिसेंबर १९५२ मध्ये कळली. लंडनवर पाच दिवस दाट, विषारी धुके साचले. त्या वेळी मृतांचा अंदाज ४,००० होता. पुढील संशोधनाने तो १२,००० पर्यंत नेला. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. शेगड्या विझू लागल्या, मध्यवर्ती तापनयंत्रणा आल्या आणि निसटणारी उष्णता आता बिलावर दिसू लागली.

१८/ दरम्यान भिंतीत भरण्याचे पदार्थ तयार होत होते. लोखंडाच्या भट्टीतील मळी वितळवून तिच्यावर वाफेचा झोत मारला, की लोकरीसारखे तंतू होतात, हे एकोणिसाव्या शतकातच कळले होते. १८९७ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात चार्ल्स कोरिडॉन हॉल याने खडकापासून अशी लोकर काढली. १९३२ मध्ये ओहायो राज्यात डेल क्लाइस्ट हा तरुण काचेचे ठोकळे जोडू पाहत असता हवेच्या झोताने वितळलेल्या काचेचे बारीक तंतू झाले. काचलोकर व्यापारी प्रमाणावर आली ती या अपघातातून. रम्फर्डच्या सशाची लव आता कारखान्यात बनू लागली.

१९/ मात्र भिंत भरताच नवा रोग जडला. १९३० च्या दशकात अमेरिकेत उष्णतारोधक भरलेल्या लाकडी घरांचा बाहेरचा रंग सोलू लागला. रंगारी अशा घरांचे काम नाकारू लागले. विस्कॉन्सिनच्या वनउत्पादन प्रयोगशाळेत टीस्डेल यांनी आणि मिनेसोटा विद्यापीठात फ्रँक रौली यांनी याचा छडा लावला. पूर्वी भिंत आतून गरम राही, म्हणून कोरडी राही. आता आतल्या उबेपासून तुटलेला तिचा बाहेरचा भाग थंड पडला आणि घरातील बाष्प तेथे पोहोचून त्याचे पाणी होऊ लागले.

२०/ थंड पेल्याच्या बाहेर थेंब जमतात, तेच भिंतीच्या पोटात घडत होते. श्वास, स्वयंपाक आणि वाळत घातलेले कपडे यांतून येणारी वाफ भिंतीत शिरते आणि जेथे थंडी गाठते तेथे थिजते. उपाय ठरला तो असा : रोधकाच्या उबदार बाजूला, म्हणजे थंड प्रदेशात खोलीच्या बाजूला, बाष्प अडवणारा पडदा लावायचा. आज कोणी लंडनमध्ये गॅरेजची खोली करतो तेव्हा प्लास्टरबोर्डच्या मागे जो चकाकता पडदा ताणतो, त्याचे मूळ या संशोधनात आहे.

२१/ कायदा मात्र मागून आला. इंग्लंड व वेल्समध्ये १९६५ च्या बांधकाम नियमांनी प्रथमच घराच्या भिंतीचे यू-मूल्य १.७ पेक्षा अधिक नसावे असे बंधन घातले. हेतू मुख्यतः आरोग्याचा, ओल आणि बुरशी रोखण्याचा होता. मग ऑक्टोबर १९७३ चे अरब-इस्रायल युद्ध झाले. तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून काही महिन्यांत जवळजवळ १२ डॉलर झाला. जानेवारी ते मार्च १९७४ मध्ये, कोळसा कामगारांच्या संघर्षाच्या काळात, ब्रिटनमधील उद्योगांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळत होती.

२२/ यानंतरचे आकडे स्वतःच बोलतात. भिंतीचे अनुज्ञेय यू-मूल्य १९७० च्या दशकाच्या मध्यास १.०, १९८० च्या दशकाच्या आरंभी ०.६, १९९० मध्ये ०.४५, २००२ मध्ये ०.३५. जुन्या भिंतीला आतून वा बाहेरून रोधक लावताना इंग्लंडमध्ये आज साधारणतः ०.३० चे लक्ष्य असते. ओल अडवण्यासाठी सोडलेल्या त्या जुन्या पोकळ्या आता उबेसाठी भरल्या जाऊ लागल्या, आणि ज्या भिंतींना पोकळीच नाही, त्यांच्यापुढे पेच उभा राहिला.

२३/ थोडे गणित. गॅरेजची १० चौरस मीटर भिंत घ्या. आत २० अंश, बाहेर शून्य. साडेचार इंची भिंतीतून ३.३ × १० × २०, म्हणजे ६६० वॉट निसटतात. ०.३० च्या भिंतीतून ६० वॉट. अकरा पटींचा फरक. यासाठी खनिज लोकर लावायची तर सुमारे ११ सेंटिमीटर जाडी हवी. बंद पेशींचा फेसाळ बोर्ड लावला तर ७ सेंटिमीटरांत भागते. गॅरेजची रुंदी जेमतेम अडीच-तीन मीटर असते. दोन्ही भिंती आत सरकल्या की खोली पाऊण-एक वीत अरुंद होते.

२४/ बाहेरून थर द्यावा तर? म्यूजमध्ये ते बहुधा शक्य नसते. त्या गल्ल्यांचे जुने रूप वारसा म्हणून संरक्षित असते आणि विटांचा दर्शनी भाग झाकता येत नाही. म्हणून काम आतूनच करायचे : विटेपासून किंचित अंतर सोडून लाकडी चौकट, चौकटीत रोधक, वर बाष्परोधक पडदा, मग प्लास्टरबोर्ड. भिंत आतून झाकली की वीट आणखी थंड आणि अधिक ओली राहते. म्हणून आधी ओल काढा, मग ऊब कोंडा, हा क्रम चुकवून चालत नाही.

२५/ आता या इतिहासाची काळी बाजू. तेलसंकटानंतर घाई झाली होती. कॅनडा सरकारने १९७७ पासून घरांच्या उष्णतारोधनासाठी अनुदान दिले. हजारो भिंतींत छिद्रे पाडून युरिया-फॉर्मल्डिहाइडचा फेस भरला गेला. रहिवाशांनी डोळ्यांची जळजळ आणि श्वासाचा त्रास होत असल्याच्या तक्रारी केल्या. डिसेंबर १९८० मध्ये तोच फेस बंदीखाली आला. धोका नेमका किती होता यावर पुढे मतभेद झाले. पण ज्यांनी सरकारच्या सांगण्यावरून भिंत भरली त्यांच्या घरांची किंमत मात्र घसरली.

२६/ दुसरे उदाहरण अधिक दारुण. अमेरिकेतील मोंटाना राज्यात लिबी या गावी व्हर्मिक्युलाइटची खाण होती. तापवताच लाह्यांसारखे फुगणारे हे खनिज ‘झोनोलाइट’ नावाने विकले जाई. घरमालक स्वतःच पोते फोडून ते माळ्यावर आणि भिंतींच्या पोकळ ठोकळ्यांत ओतत. त्या खनिजात ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले होते. खाण १९९० मध्ये बंद झाली, १९९९ मध्ये वृत्तपत्रांनी गावातील मृत्यूंना वाचा फोडली, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने तेथे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी घोषित केली. या संस्थेने अशी घोषणा करण्याची ती पहिलीच वेळ होती.

२७/ तिसरे उदाहरण पुन्हा केन्सिंग्टनचे. सुंदर म्यूजच्या त्याच परगण्यात १९७४ मध्ये पूर्ण झालेली ग्रेनफेल टॉवर ही २४ मजली नगरपालिकेची इमारत होती. २०१६ मध्ये संपलेल्या नूतनीकरणात तिला बाहेरून ज्वलनशील फेसाळ रोधक आणि त्यावर पॉलिथिलीनचा गाभा असलेले ॲल्युमिनियमचे पत्रे लावले गेले. १४ जून २०१७ च्या पहाटे एका स्वयंपाकघरातील आग त्या आवरणातून माथ्यापर्यंत चढली. ७२ जणांचा मृत्यू झाला. हे सर्व मृत्यू टाळता आले असते, असे चौकशीच्या अंतिम अहवालाच्या प्रकाशनावेळी सप्टेंबर २०२४ मध्ये सांगण्यात आले.

२८/ या तिन्ही प्रसंगांत एक समान सूत्र आहे. भिंत दिसते, भिंतीत काय भरले ते दिसत नाही. निर्णय घेणारा, माल विकणारा आणि त्या भिंतीआड निजणारा हे तिघे वेगळे असतात. पहिल्या दोघांचा हिशेब आकड्यांत संपतो, तिसऱ्याचा श्वासात. म्हणून उष्णतारोधनाचा इतिहास केवळ तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणून वाचता येत नाही.

२९/ आणि काहींच्या वाट्याला भरलेली भिंतही येत नाही. ‘लॉस अँजेलिस टाइम्स’ने १९८७ मध्ये केलेल्या पाहणीनुसार त्या परगण्यात सुमारे ४२ हजार गॅरेजांमध्ये अंदाजे २ लाख माणसे राहत होती. त्यांत बव्हंशी स्थलांतरित कामगार कुटुंबे होती. बहुतेक ठिकाणी ना परवाना, ना पुरेशी खिडकी, ना नीट वीजजोडणी. उन्हात भट्टी, थंडीत गारठा, आणि तक्रार करावी तर छप्परच जायचे. कॅलिफोर्नियाने २०१७ पासून कायदे सैल करून गॅरेजांची अधिकृत घरे करणे सुकर केले, तेव्हा उष्णतारोधन ही त्या घरांची कायदेशीर अट झाली.

३०/ महाराष्ट्रातील वाचक विचारतील : आमचे काय? दख्खनच्या जुन्या वाड्यांतील जाड मातीविटांच्या भिंती वेगळ्या तत्त्वावर चालतात. त्या उष्णता अडवत नाहीत, रेंगाळत ठेवतात. दुपारचे ऊन भिंतीत मुरते आणि आत पोहोचेपर्यंत रात्र होते. तेव्हा दारे-खिडक्या उघडता येतात. काँक्रीटची चौकट आणि चार-सहा इंची भिंत आल्यावर ही सोय गेली. २०१८ च्या ‘इको निवास संहिते’ने भारतीय घरांच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला प्रथमच आकड्यात मर्यादा सुचवली. इमारतीखालच्या गॅरेजची खोली करताना आपल्याला थंडीपेक्षा उन्हाचा आणि पावसाळी ओलीचा विचार करावा लागतो. फूरिएचा नियम तोच. बाण फक्त उलट्या दिशेने.

३१/ तात्पर्य. भिंत उबदार करणे म्हणजे हवा कोंडणे, हे रम्फर्डने १७९२ च्या आधीच दाखवले होते. त्यानंतरच्या सव्वादोनशे वर्षांत माणसाने शिकलेली गोष्ट वेगळी आहे : हवा कशात कोंडली, तिच्यासोबत ओल कोंडली का, आणि ते आवरण पेटले तर आतला माणूस कोठून बाहेर पडेल, हे विचारणे. यांतला प्रत्येक प्रश्न कोणाच्या तरी घरात काही बिघडल्यानंतरच नियमपुस्तकात आला आहे.

३२/ पुढील वेळी जुन्या गल्लीतील एखादी रूपांतरित वास्तू पाहाल, मग ती पागा असो, वखार असो वा गॅरेज, तेव्हा तिच्या दर्शनी भागासोबत खिडकीच्या चौकटीची खोलीही पाहा. भिंत किती जाड आहे आणि तिच्यावर कोणता थर नंतर चढला आहे हे तेथे कळते. तुमच्या गावातील अशा वास्तू उत्तरांत अवश्य कळवा. पुढील धागा मुंबईच्या बर्फघरावर स्वतंत्रपणे लिहिण्याचा मानस आहे. धागा संपला.